डीओपीचा दिवस किती तासांचा?

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून किंवा मुंबईतल्या एखाद्या खासगी कोर्समधून छायालेखन शिकून बाहेर पडलेली मुलं पहिल्याच वर्षात एक प्रश्न हमखास विचारतात : तिकडे दिवसाचे किती मिळतात? ‘तिकडे’ म्हणजे लंडन, टोरांटो, बर्लिन, काहीही. कुणीतरी डॉलरमधला किंवा पौंडातला आकडा सांगतं, मोबाइलवर लगेच रुपयांत गुणाकार होतो आणि हातातला चहा गार होतो. गुणाकार बरोबरच असतो. घोळ असतो तो ‘दिवस’ या शब्दात. तो दिवस किती तासांचा, त्यात सुट्टीचे आणि आजारपणाचे पैसे धरलेत का, काम नसलेले महिने कुणाच्या खात्यावर, पैसे हातात कधी पडतात आणि चित्रपट पुढे वीस वर्षं चालला तर काय, हे सगळं त्या एका आकड्याच्या पोटात असतं, किंवा नसतं.

आधी दिवस मोजा

मुंबईत एक पाळी बारा तासांची. सकाळी सातचा कॉल असेल तर संध्याकाळी सातला पॅकअप, निदान कागदावर. लंडनमध्ये बऱ्याच चित्रपट-मालिकांचा दिवस ‘टेन प्लस वन’ : दहा तास काम, एक तास जेवण. अमेरिकेत हॉलिवूडच्या युनियन करारातला मूळ रोजचा दर आठ तासांचा, पुढचा प्रत्येक तास ओव्हरटाइमचा. फ्रान्समध्ये चित्रपटांचे किमान दर दिवसावर नाही, ३९ तासांच्या आठवड्यावर छापलेले असतात.

समजा दोन छायालेखकांना, म्हणजे डीओपींना, दिवसाचे ३०,००० रुपये मिळतात. एकाचा दिवस बारा तासांचा, म्हणजे तासाला २,५०० रुपये. दुसऱ्याचा आठ तासांचा, म्हणजे तासाला ३,७५०. आता दुसराही बारा तास थांबला आणि शेवटच्या चार तासांना दीडपट दर लागला, तर त्याचा दिवस १४ तासांच्या मोबदल्याचा होतो : ५२,५०० रुपये. काम तेवढंच, थकवा तेवढाच, आणि कुणी विचारलं तर दोघंही सांगणार, ‘दिवसाचे तीस हजार.’

फ्रीलान्स म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे फ्रीलान्सर म्हणजे बिल पाठवणारा माणूस. कर, विमा, म्हातारपण, सगळं त्याचं त्यानं बघायचं. अमेरिकेत युनियनच्या चित्रपटावर काम करणारा छायालेखक मात्र त्या चित्रपटापुरता चक्क पगारी नोकर असतो. पगारपत्रकं सांभाळणारी वेगळी कंपनी असते. ती कर कापते आणि मालकाच्या वाट्याची वर्गणी भरते. फ्रान्स आणि जर्मनीतही चित्रपट-मालिकांवर साधारण हीच पद्धत : नोकरी, पण मुदतीची. काम संपलं की नोकरी संपली. ब्रिटनमध्ये दोन्ही प्रकार दिसतात, आणि अनेक डीओपी स्वतःची छोटी कंपनी काढून बिल देतात.

म्हणून पॅरिसच्या आणि मुंबईच्या फ्रीलान्सरचा दर शेजारी शेजारी मांडला की तुलना आधीच बिघडते. एका आकड्यावर मालकाने आणखी बरंच काही भरलेलं असतं, दुसऱ्यातून माणसालाच सगळं काढायचं असतं.

अमेरिका : आकड्याखालची जमीन

अमेरिकेतल्या छायालेखकांची युनियन म्हणजे ‘लोकल ६००’. न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या तीन जुन्या संघटना १९९६ मध्ये एकत्र येऊन ती झाली. तिची मातृसंस्था आयात्सी दर तीन वर्षांनी निर्मात्यांच्या संघटनेशी करार करते आणि त्यात प्रत्येक पदाचा किमान दर ठरतो. त्याला तिथे ‘स्केल’ म्हणतात. डीओपीचं स्केल सध्या आठ तासांना हजार डॉलरच्या आसपास आहे. हे जमिनीसारखं आहे, तिच्या खाली जाता येत नाही. वर मात्र आभाळ मोकळं. नावाजलेल्या माणसाचा एजंट स्केलच्या कितीतरी पट मागतो. कमी बजेटच्या चित्रपटांसाठी वेगळे, खालचे टप्पे आहेत, आणि युनियनबाहेरच्या कामाला यातलं काहीच लागू नाही. हे शेवटचं आपल्याकडे कुणी सांगत नाही. अमेरिकेत गेलेल्या नवख्याला पहिली काही वर्षं बहुधा तेच काम मिळतं.

स्केलपेक्षा महत्त्वाच्या आहेत त्याभोवतीच्या अटी. जेवणाची सुट्टी सहा तासांच्या आत दिली नाही तर दंड सुरू होतो आणि अर्ध्या अर्ध्या तासाने वाढत जातो. २०२४ च्या करारात तीन वर्षांसाठी अनुक्रमे ७, ४ आणि ३.५ टक्के वाढ मिळाली, आणि पंधरा तासांपुढे काम गेलं तर तिप्पट दर ठरला. शिवाय कामाच्या प्रत्येक तासामागे निर्माता पेन्शन आणि आरोग्य योजनेत पैसे भरतो. त्या आरोग्य विम्यात शिरायला आधी ६०० तास भरावे लागतात, टिकून राहायला पुढच्या प्रत्येक सहा महिन्यांत ४००. म्हणूनच तिथला छायालेखक एखादं कंटाळवाणं काम का घेतोय, याचं उत्तर कधी कधी ‘तास भरायचेत’ एवढंच असतं.

या अटींमागे रक्त सांडलेलं आहे. मार्च १९९७ मध्ये ‘प्लेझंटव्हिल’ या चित्रपटाचा सहायक कॅमेरामन ब्रेंट हर्शमन एकोणीस तासांचा दिवस संपवून गाडीने घरी निघाला, गाडी चालवतानाच त्याचा डोळा लागला आणि तो गेला. ज्येष्ठ छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी त्या मृत्यूनंतर कामाच्या तासांवर मर्यादा यावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला आणि २००६ मध्ये ‘हू नीड्स स्लीप?’ हा माहितीपट केला. तरीही रोज दहा तासांची सलग विश्रांती सगळ्यांना मिळावी ही अट करारात यायला २०२१ उजाडलं, तेही साठ हजार कामगार संपाच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहिल्यावर.

लंडन : सुट्टीचे १२.०७ टक्के

ब्रिटनमध्ये बेक्टू ही युनियन निर्मात्यांच्या संघटनेशी तास, ओव्हरटाइम आणि रात्रपाळीच्या अटी ठरवते. डीओपीची रक्कम मात्र बहुतेक वेळा त्याचा एजंटच ठरवतो आणि त्यातला हिस्सा घेतो.

तिथल्या कागदांवर एक विचित्र संख्या सारखी भेटते : १२.०७ टक्के. ब्रिटिश कायद्याने कामगाराला वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा आहे. बावन्नातून ५.६ गेले की उरतात ४६.४, आणि ५.६ हे ४६.४ च्या १२.०७ टक्के. अधूनमधून काम करणाऱ्याला रजा देणार कधी? म्हणून मजुरीसोबत रजेचे पैसे. भांडण होतं ते इथेच. हे पैसे दराच्या वर की दराच्या आत? ‘सर्व धरून’ असा शब्द करारात असला की तोच दर एकदम नवव्या हिश्शाने हलका होतो. लंडनचा आकडा सांगणाऱ्याला हा एक प्रश्न जरूर विचारावा.

पॅरिस : रिकाम्या दिवसांचे पैसे

या सगळ्यांत मला सर्वांत वेगळी वाटते ती फ्रान्सची पद्धत. चित्रपटाच्या तंत्रज्ञाचं काम तुकड्यातुकड्यांनीच मिळणार, हे तिथे १९३६ पासून मान्य केलेलं आहे. बारा महिन्यांत ५०७ तास काम दाखवलं की पुढच्या काळात काम नसलेल्या दिवसांचा बेकारी भत्ता मिळतो. ५०७ तास म्हणजे आठ तासांचे साधारण त्रेसष्ट दिवस. भत्ता पूर्ण पगाराइतका नसतो आणि त्याला वरची मर्यादा आहे. पण दोन चित्रपटांच्या मध्ये घरभाडं निघतं. या कलाकार-तंत्रज्ञांना तिथे ‘अँतेर्मितां’ म्हणतात, खंडित काम करणारे, आणि फ्रेंच राजकारणात हा मोठा तापलेला शब्द आहे. २००३ मध्ये सरकारने नियम कडक केले तेव्हा या लोकांच्या संपामुळे आव्हिन्यॉंचा नाट्यमहोत्सव रद्द करावा लागला होता.

त्यामुळे फ्रेंच डीओपीचा चित्रपटासाठीचा किमान दर, आठवड्याला अडीच हजार युरोंहून अधिक, अमेरिकेच्या तुलनेत किरकोळ वाटतो. पण अमेरिकन दरात पुढच्या रिकाम्या महिन्याची तरतूद बरीचशी स्वतःच करायची असते. फ्रान्समध्ये ती दराच्या बाहेर, दुसऱ्या खिशात आहे. तीन दशलक्ष युरोंहून कमी खर्चाच्या चित्रपटांना ठरावीक अटींवर किमान दरही खाली आणायची मुभा आहे. लहान चित्रपट त्याशिवाय झालेच नसते, असं निर्माते म्हणतात. आमच्याच जिवावर झाले, असं तंत्रज्ञ म्हणतात. दोघांचंही खरं आहे.

थोडक्यात आणखी तीन

जर्मनीत चित्रीकरणातले जादा तास लगेच रोख न देता वेळेच्या खात्यात साठवतात. चित्रीकरण संपलं की त्या साठलेल्या तासांइतके दिवस माणूस पटावर राहतो, आणि तेवढे दिवस विमाही चालू राहतो.

ऑस्ट्रेलियात पगारावर निवृत्तिनिधीची वर्गणी मालक वेगळी भरतो. जुलै २०२५ पासून ती १२ टक्के झाली.

दक्षिण कोरियाची गोष्ट आपल्याला जवळची आहे. तिथेही विभागप्रमुखाशी एकरकमी सौदा करायचा, त्याने आपल्या हाताखालच्यांना वाटायचं, तासांचं कुणी विचारायचं नाही, अशीच रीत होती. २०१४ च्या ‘ओड टू माय फादर’पासून मोठ्या चित्रपटांनी प्रमाणित करारपत्र वापरायला सुरुवात केली, आणि ‘पॅरासाइट’ आठवड्याच्या तासांची मर्यादा पाळून चित्रित झाला. ऑस्करच्या बातम्यांत ही गोष्ट कुठल्या कुठे गेली.

मुंबईचं एकरकमी गणित

आपल्याकडेही छायालेखक कायमच सुटा माणूस नव्हता. प्रभात कंपनीच्या पाच भागीदारांपैकी केशवराव धायबर हे कॅमेरा सांभाळणारे. म्हणजे छायालेखकच मालकांतला एक. स्टुडिओंची मासिक पगाराची व्यवस्था मोडली आणि चित्रपटागणिक सौदा सुरू झाला. आज एकाच शहरात एकाच माणसाचे निदान तीन दर असतात : जाहिरातीचा, हिंदीचा आणि मराठीचा. जाहिरातीला दिवसाचा दर, मालिकेला पाळीचा, चित्रपटाला एकरकमी.

एकरकमीत काय होतं ते पाहू. समजा मराठी चित्रपटाचं पाच लाखांना ठरलं आणि चित्रीकरण पस्तीस दिवसांचं आहे. म्हणजे दिवसाला चौदा हजारांच्या वर. पण त्याआधी सहा दिवस रेकी, दहा दिवस दिग्दर्शकाबरोबर बैठका आणि शॉटची आखणी. नंतर तीन दिवस पॅचवर्क आणि शेवटी आठ दिवस डीआयच्या खोलीत रंगांवर बसणं. झाले बासष्ट दिवस. पाच लाख भागिले बासष्ट : दिवसाला जेमतेम आठ हजार. चित्रीकरण लांबलं तर आणखी खाली. अमेरिकेत जादा तास म्हणजे निर्मात्याचा खर्च, म्हणून निर्माता घड्याळ बघतो. एकरकमीत जादा तास डीओपीच्या खिशातून जातात, मग घड्याळ बघायचं कुणी? सहायक, लाइटमन, अटेंडंट यांना पाळीने पैसे मिळतात, त्यामुळे कधी कधी पॅकअप वेळेवर होतो तो त्यांच्या दीड पाळीच्या भीतीने. डीओपीला त्याचा आयता फायदा.

मुंबईत वेस्टर्न इंडिया सिनेमॅटोग्राफर्स असोसिएशन आहे आणि ती फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइजचा भाग आहे. कार्ड, पाळीच्या अटी, बुडालेल्या पैशांच्या तक्रारी हे काम तिथे चालतं. पण डीओपीच्या दराखाली अमेरिकेसारखी पक्की जमीन नाही.

एकत्र दर ठरवणं, हाच गुन्हा?

संघटनांनी दर छापून का टाकू नयेत? कारण कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यावसायिक हा एक छोटा उद्योग आहे, आणि उद्योगांनी एकत्र येऊन भाव ठरवणं म्हणजे संगनमत करणं. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या वाद्यवृंदातल्या बदली वादकांच्या प्रकरणात हेच तत्त्व सांगितलं. नावाला स्वतंत्र पण प्रत्यक्षात नोकरच असलेल्यांना तेवढा अपवाद दिला. शेवटी २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने मार्गदर्शक तत्त्वं काढून एकट्याने काम करणाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीची वाट मोकळी केली. भारतात निर्माते विपुल शहा यांच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबईच्या फेडरेशनला, फक्त सभासदांनाच काम द्यायची सक्ती आणि बहिष्काराचे मार्ग बंद करा, असं बजावलं. अमेरिकन छायालेखक सौदा करतो तो नोकर म्हणून, त्यामुळे त्याला हा अडथळाच येत नाही.

डॉलरला गुणताना

बाजारात एका डॉलरला ऐंशीहून जास्त रुपये पडतात. पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढंच भारतात घ्यायला, जागतिक बँकेच्या हिशोबाने, वीस-बावीस रुपये पुरतात. हजार डॉलरचं तिथलं वजन म्हणजे आपल्याकडच्या वीस-बावीस हजारांसारखं, ऐंशी-नव्वद हजारांसारखं नाही. लॉस एंजेलिसचं घरभाडं भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

याला एक कडू अपवाद आहे. ॲलेक्सा कॅमेऱ्याला क्रयशक्ती कळत नाही. म्युनिकच्या ॲरी कंपनीचा कॅमेरा, लेन्सचा संच, मॉनिटर यांची किंमत मुंबईतही युरो-डॉलरच्याच हिशोबाने येते, वर कर. कमाई रुपयांच्या भावाने, अवजारं डॉलरच्या भावाने. चित्रपटावर कॅमेरा निर्माता भाड्याने आणतो, म्हणून हे जाणवत नाही. कॉर्पोरेट फिल्म आणि लग्नाच्या कामात मात्र कॅमेऱ्यासकट माणूस मागतात. तिथे दरातला कॅमेऱ्याच्या भाड्याचा भाग वेगळा काढला नाही, तर दोन वर्षांनी नवं मॉडेल घ्यायची वेळ आली की कळतं, आपण भाडंच मजुरी समजून खाल्लं.

पैसे हातात कधी?

अमेरिकेत युनियनच्या कामाचा पगार आठवड्याला येतो. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून आणि साऱ्या न्यूयॉर्क राज्यात ऑगस्ट २०२४ पासून फ्रीलान्सरला आठशे डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेच्या कामाचा लेखी करार देणं आणि करारात तारीख नसेल तर तीस दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने उशिराच्या बिलावर बँक ऑफ इंग्लंडच्या दरावर आणखी आठ टक्के व्याज मागता येतं.

मुंबईच्या मालिकांत नव्वद दिवसांची उधारी ही रीतच होऊन बसली आहे. पहिल्या महिन्याचे पैसे चौथ्या महिन्यात. वर्षाला वीस लाखांपुढे गेलेल्या डीओपीला यात वेगळा काटा टोचतो : बिलावर अठरा टक्के जीएसटी लावला की तो वेळेत भरावाच लागतो, निर्मात्याने अजून छदाम दिला नसला तरी. आणि पैसे येतात तेव्हा दहा टक्के टीडीएस कापून.

याला उतारा आहे, पण तो फार थोडे वापरतात. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकवलं पाहिजे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असं २००६ चा कायदा म्हणतो. एकटा छायालेखकही ही नोंदणी करू शकतो. २०२३-२४ पासून आयकरातही भर पडली : अशी देणी मुदतीत चुकवली नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत निर्मात्याला तो खर्च हिशोबात धरता येत नाही. मार्च महिन्यात निर्मात्याच्या सीएला ही गोष्ट बरोबर आठवते. व्याजाची नोटीस पाठवून पुढचं काम घालवायला कुणी तयार नसतो, हे खरं. पण बिलाखाली उद्यम क्रमांक छापायला काही भांडावं लागत नाही.

चित्र कुणाचं?

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट चित्रित केला तो मिखाऊ सोबोचिन्स्की या पोलिश छायालेखकाने. पोलंडच्या १९९४ च्या कायद्यात चित्रपटाच्या सहकर्त्यांची यादी आहे. तीत दिग्दर्शकाच्या जोडीला छायालेखकाचंही नाव येतं. चित्रपट थिएटरात लागला, टीव्हीवर आला, की त्याला पुन्हा मोबदल्याचा हक्क.

जर्मनीत २००२ च्या दुरुस्तीने एक कलम आलं : कामाचं उत्पन्न मिळालेल्या मोबदल्याच्या मानाने फारच मोठं झालं, तर कर्त्याला फेरहिशोब मागता येतो. १९८१ च्या ‘दास बूट’चे छायालेखक योस्ट वाकानो यांना त्या पाणबुडीच्या चिंचोळ्या पोटातल्या कामाचे एकरकमी २,०४,००० मार्क मिळाले होते. चित्रपट जगभर गाजला, पुन्हा पुन्हा प्रक्षेपित झाला. वाकानो यांनी सत्तरी उलटल्यावर दावा लावला. कज्जा दहा वर्षांहून जास्त चालला, फेब्रुवारी २०२० मध्ये तो सर्वोच्च न्यायालयासमोर होता, आणि दरम्यान म्युनिकच्या न्यायालयांनी निर्मिती कंपनी, वाहिनी आणि व्हिडिओ वितरक यांच्याकडून काही लाख युरो द्यायला लावले होते.

भारतात १९५७ च्या कायद्याने चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा सोडता न येणारा हिस्सा दिला. मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता करावं असा प्रस्ताव त्याच विधेयकात होता, तो गळला. छायालेखकाचा तर प्रस्तावही नव्हता. त्याच्या करारात फीची रक्कम आकड्यात आणि अक्षरी अशी दोनदा लिहिलेली असते, आणि पुढच्या पानावर सर्व हक्क ‘जगभर, आजच्या आणि यापुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी’ दिल्याचं कलम. सही प्रत्येक पानावर लागते.